पावसाळ्यात टिकेल असं हब

फिक्स्ड सायकलला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरतं आणि पायडल फिरतंय तोवर पाय. उतारावर पाय थांबवून आरामात घरंगळायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच पायडल मागे रेटायचं. हे ऐकल्यावर लोक आधी "कशाला?" असं विचारतात आणि मग "ब्रेक तरी आहे ना?" असं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने चालवून शोधावं. दुसऱ्याचं माझ्यापुरतं पक्कं आहे. पुढच्या चाकाला ब्रेक हवाच, त्यावर चर्चा नाही. मागच्या चाकाचा ब्रेक म्हणजे माझे पाय, चेन आणि ती चेन जिथे चाकाला पकडते ते हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा. ब्रिटनमधले सायकलींचे १९८३ चे नियमही हेच मानतात. तिथे सायकलला दोन ब्रेक लागतात, पण मागचं चाक फिक्स्ड असेल तर पुढचा एक पुरतो, कारण मागचं चाक स्वतःच ब्रेक धरलं जातं.

रोज ऑफिसला न्यायच्या सायकलचं हब निवडताना म्हणूनच मी रंग, वजन, चकाकी या गोष्टी शेवटी बघते. वारज्याहून निघून कर्वे रस्त्याने डेक्कन आणि तिथून शिवाजीनगर हा माझा रस्ता. त्यात सिग्नल आहेत, गतिरोधक आहेत, खड्डे आहेत आणि जून ते सप्टेंबर पाणी आहे. या रस्त्यावर जे हब टिकेल ते चांगलं, अशी माझी सरळ कसोटी आहे.

आधी आट्यांबद्दल, कारण सगळा जीव त्यांच्यावर आहे.

एक हिशेब मांडू. पुढे पायडलपाशी ४६ दातांचं चेनव्हील, मागे चाकावर १६ दातांचं स्प्रॉकेट, क्रँक म्हणजे पायडलचा दांडा १६५ मिलिमीटर. नळस्टॉपपाशी रिक्षा अचानक आडवी आली आणि मी पायडलवर पन्नास किलोचा उलटा भार टाकला, तर चेनवर साधारण नव्वद किलोचा ताण येतो. स्प्रॉकेट हबवर नुसत्या आट्यांवर बसलेलं असतं. पुढे पायडल मारताना ते आपोआप आवळलं जातं, त्याची काळजी नाही. मागे रेटलं की मात्र हा सगळा ताण त्याला सुटायच्या दिशेला फिरवायला बघतो. सिग्नल आला की असा ताण, उतार आला की असा ताण, गर्दीत तर दर काही मीटरला.

त्यासाठी खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे शर्यतीच्या फिक्स्ड सायकलींसाठी केलेल्या हबवर, आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, सुलट. तिच्यावर स्प्रॉकेट बसतं. बाहेरची जराशी लहान, १.२९ इंचाची, तिलाही इंचाला २४ आटे, पण उलटे. तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे स्प्रॉकेटला जागेवर धरून ठेवणारं कडं. स्प्रॉकेट सुटू लागलं की ते लॉकरिंगलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतं, आणि लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने त्या दिशेला ते उलट आणखी घट्ट होतं. डाव्या पायडलला उलटे आटे का असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. आमच्या सायकलवाल्या काकांनी मोकळं हब हातात घेतलं, दोन्ही पायऱ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, आणि म्हणाले, "ताई, हे डोकं लावून केलंय."

काकांनी केलं तेच हब विकत घेताना प्रत्येकाने करावं. नख फिरवून बघावं. आटे खोल आणि धारेला स्वच्छ आहेत का, की वरवर कोरल्यासारखे आहेत? स्प्रॉकेट हाताने फिरवून चढवलं तर शेवटपर्यंत न अडकता, न डुगडुगता जातं का? ते बसल्यावर लॉकरिंगसाठी किती आटे उरतात? दोनच आटे उरत असतील तर ते हब माझ्या लेखी बाद, मग त्याचं पॉलिश कितीही देखणं असो. हबचं अंग बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि स्प्रॉकेट पोलादाचं. दोघांत झटापट झाली तर कोण हरणार हे उघड आहे. स्प्रॉकेट एकदा का आट्यांवर पुढेमागे हलायला लागलं की थोडे दिवस टक्-टक् असा बारीक आवाज येतो, आणि मग एका सकाळी आटे गेलेले असतात. आटे गेले की हब गेलं, आणि हब गेलं की सगळं चाक नव्याने ओवावं लागतं.

बसवण्याची पद्धतही आट्यांइतकीच महत्त्वाची. आट्यांना ग्रीस, मग चेनव्हिपने, म्हणजे चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने, स्प्रॉकेट आवळायचं, मग आकडीच्या पान्याने लॉकरिंग. नंतर सायकल एखाद्या चढावर नेऊन जोर लावून चालवायची. आमच्याकडे चांदणी चौकाचा चढ त्यासाठी उत्तम आहे. चढावर स्प्रॉकेट आणखी थोडं आत सरकतं, आणि त्या सरकण्याने लॉकरिंग ढिलं पडतं. घरी येऊन ते पुन्हा आवळायचं. हे दुसऱ्यांदा आवळणं बहुतेक दुकानांत होत नाही, कारण त्यासाठी कुणीतरी चढ चढून यावं लागतं.

इथे एका मोहाबद्दल स्पष्ट बोलते. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींच्या मागच्या हबवर फ्रीव्हील बसतं ते याच १.३७ इंची आट्यांवर. म्हणजे फिक्स्ड स्प्रॉकेट त्यावर सहज चढतं. लॉकरिंगसाठी उलट्या आट्यांची पायरी तिथे नसते, मग लोक बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगची, रिंग वरून आवळतात, तिचेही आटे सुलटच. खर्च जवळजवळ शून्य, आणि पहिले काही आठवडे सगळं छान चालतं. कॉलेजातली मुलं हे हौसेने करतात. मला त्यांची हौस कळते, पण ही रचना भर रस्त्यावर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पायांनी वेग आवरायला जाताना स्प्रॉकेट रिंगसकट सुटलं, तर त्या क्षणी मागचा ब्रेक नाहीसा होतो आणि चेन कुठे अडकेल याचा नेम राहत नाही. पुढचा ब्रेक नसेल तर विचारही करवत नाही. जुनं हब वापरायचंच असेल तर त्यावर फ्रीव्हील ठेवा, दोन्ही ब्रेक लावा आणि एकाच गिअरची सायकल आनंदाने चालवा.

जुनी इटालियन हबं हाती आली तर आणखी एक गोष्ट तपासावी. त्यांच्या लॉकरिंगच्या पायरीचा व्यास १.३२ इंच असतो. १.२९ आणि १.३२ मधला फरक मिलिमीटरभराचाही नाही, डोळ्यांना तो दिसत नाही. मोठं लॉकरिंग लहान पायरीवर चढतं, थोडंसं आवळल्यासारखंही वाटतं, आणि काहीच धरत नाही. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजणं हाच उपाय.

आता बेअरिंग. इथे माझं मन आणि माझी अक्कल दोन बाजूंना ओढतात.

मन आहे कप-कोनकडे. मागच्या हबमध्ये दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे, कपात म्हणजे हबमधल्या वाटीत ग्रीसच्या गादीवर बसवलेले, वरून कोन, म्हणजे एक्सलवरचा शंकूच्या आकाराचा नट. जुन्या विलायती हबच्या पोटावर तेल घालायला भोक असायचं आणि त्यावर स्प्रिंगची छोटी पट्टी; ती सरकवायची, तेलाचे दोन थेंब टाकायचे, पट्टी परत. ज्यांच्या घरी जुनी सायकल होती त्यांना हे आठवत असेल, आणि हब आपोआप पुसलं जावं म्हणून त्याभोवती घातलेली ती रंगीत केसाळ रिंगही. कप-कोन हब नीट बसवणं हे हाताचं काम आहे. कोन हळूहळू आवळत जायचं, एक्सल बोटांत धरून हलवत राहायचं. खडखड संपते आणि जडपणा अजून सुरू झालेला नसतो, त्या दोन्हींच्या मधली जागा बोटांना सापडावी लागते. मग कोन एका पान्याने तिथेच धरून लॉकनट घट्ट करायचा, आणि तो घट्ट करताना जागा हलते म्हणून पुन्हा पहिल्यापासून. काका हे बोलता बोलता करतात. मी जीभ दातांत धरून करते.

या जातीतलं सर्वांत नावाजलेलं हब म्हणजे शिमानोचं ड्युरा-एस ७६००. जपानच्या केइरिन शर्यतींसाठी ते मान्यताप्राप्त होतं. केइरिन १९४८ साली कोकुरा इथे सुरू झालं. त्यावर लोक पैसे लावतात, त्यामुळे एखाद्याच्या सायकलचा भाग चांगला आणि दुसऱ्याचा वाईट असं चालत नाही. प्रत्येक भागाला एनजेएस या संस्थेचा शिक्का लागायचा. फिक्स्ड चालवणाऱ्यांत या शिक्क्याला आजही मोठा मान आहे, आणि तो मान खोटा नाही. तरीही रोजच्या सायकलसाठी तो शिक्का पाहून निर्णय घेऊ नये असं मला वाटतं. केइरिनचं चाक स्वच्छ ट्रॅकवर धावतं. त्याचा मालक धंदेवाईक खेळाडू असतो, तो हब वरचेवर उघडतो, धुतो, नवं ग्रीस भरतो. माझं चाक ऑफिसच्या पार्किंगमध्ये पन्हाळीखाली दिवसभर भिजत उभं राहतं. शर्यतीची गरज आणि पार्किंगची गरज वेगळी.

पुण्याच्या पावसात रस्त्यावरचं पाणी नुसतं पाणी नसतं. खड्डे बुजवायला टाकलेल्या खडीची पूड त्यात असते, सिमेंट असतं, गाड्यांचं तेल असतं. हे मिश्रण कोनच्या फटीतून आत गेलं आणि ग्रीसमध्ये कालवलं गेलं की छर्रे फिरताना कोन घासायला लागतात. पावसाळा संपल्यावर असा एक कोन काकांनी रॉकेलमध्ये धुऊन माझ्या तळहातावर ठेवला होता. त्यावर छर्रे जिथून धावतात तो पट्टा आरशासारखा हवा. इथे त्या पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. छर्रे बदलता येतात, ते कुठेही मिळतात. कोन मात्र त्याच हबचा, त्याच वळणाचा हवा. परदेशी हबचा कोन पेठेतल्या दुकानांत मिळत नाही. मागवावा लागतो, वाट बघावी लागते, तोवर सायकल भिंतीला. कोन तरी बदलता येतो. कप झिजला तर बहुतेक हबांत तो बदलण्याची सोयच नसते.

म्हणून अक्कल सांगते की कार्ट्रिज बेअरिंगचं, म्हणजे छर्रे आणि कडी एकत्र बंद असलेल्या तयार बेअरिंगचं, हब घ्या, आणि घेण्याआधी त्यातल्या बेअरिंगचा नंबर विचारा.

हा नंबर फार कामाचा असतो. अनेक ट्रॅक हबांमध्ये ६००० किंवा ६००१ नंबरचं बेअरिंग असतं. ६००१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २८, रुंदी ८. ६००० म्हणजे १०, २६ आणि ८. हे नंबर सायकलचे नाहीत, साऱ्या जगाच्या यंत्रांचे आहेत. लहान मोटरी, पंप, कारखान्यातले रोलर, सगळीकडे तेच. आपल्याकडे तर चिंचवडलाच एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना आहे. नाना पेठेतल्या बेअरिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांना सायकलबद्दल सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ताई, फक्त नंबर सांगा." मी म्हटलं, "सहा हजार एक." त्यांनी विचारलं, "टू-आरएस की झेडझेड?" आणि मागे वळून न बघता फळीकडे हात घातला.

टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आतल्या कड्याला टेकलेलं. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, ती आतल्या कड्याला टेकत नाहीत. झेडझेड थोडं हलकं फिरतं, बोटावर फिरवलं की भुरळ पडते. धूळ ते अडवतं, पाणी नाही. पावसात जाणाऱ्या चाकाला टू-आरएसच हवं. नंबरापुढे सी-३ असं लिहिलेलं असेल तर आतला सैलपणा जास्त असतो. तो गरम होणाऱ्या मोटरीला लागतो, सायकलला नाही. आणि पाकिटावरचं नाव वाचून भागत नाही, नकली बेअरिंग बाजारात भरपूर आहेत, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. तरीही चांगल्या कंपनीची दोन बेअरिंग दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त पडतात.

बदलणंही अवघड नाही. एक्सल काढायचा, आतून टोकदार नसलेला पंच लावून जुनं बेअरिंग चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत बाहेर काढायचं. नवं बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा, त्याच मापाचा सॉकेट त्यावर ठेवून. आतल्या कड्यावर ठोकलं तर तो मार छर्ऱ्यांमार्फत जातो आणि नवं बेअरिंग बसायच्या आधीच जुनं होतं. मी पावसाळा संपला की ब्लेडच्या टोकाने सीलची कड हलकेच उचलून आत बघते. ग्रीस तांबूस झालेलं असेल तर पाणी शिरलंय. मग ग्रीस भरत बसत नाही, बेअरिंगच बदलते.

काकांना हे फारसं पटत नाही. त्यांचं म्हणणं, "फेकून द्यायचं आणि नवं घालायचं, यात कारागिरी काय राहिली?" त्यांच्या बाजूला वजन आहे. नीट सांभाळलेलं कप-कोन हब माणसापेक्षा जास्त जगू शकतं, आणि त्यात फेकायचं असतं ते फक्त ग्रीस. ज्याला दर पावसाळ्यात दोनदा हब उघडायची आवड आहे आणि ज्याच्याकडे कोनचा एक जादा जोड आहे, त्याने खुशाल कप-कोन घ्यावं. मला सोमवारी सकाळी साडेनऊला ऑफिसात असायचं असतं.

चाकाच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. ट्रॅक हबची फ्रेमच्या दोन चिमट्यांमधली रुंदी १२० मिलिमीटर असते. गिअरच्या जुन्या फ्रेमवर चाक बसवायचं असेल तर ती १२६ किंवा १३० असते, आधी मोजा आणि मग हब घ्या. फिक्स्ड चाकाचा एक मोठा फायदा म्हणजे ते दोन्ही बाजूंना सारखं असतं. गिअरच्या चाकात सात-आठ स्प्रॉकेटांना जागा द्यायला एका बाजूच्या तारा उभ्या आणि ताठ, दुसऱ्या बाजूच्या तिरक्या आणि सैल होतात. इथे तसं नाही. सगळ्या तारांवर सारखा ताण, त्यामुळे चाक मजबूत राहतं आणि आउट काढायला वरचेवर न्यावं लागत नाही. आपल्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, दुधाचे कॅन वाहायला. ट्रॅक हबमध्ये रोजच्या रस्त्यासाठी मी ३६ घेते. ३२ चालतील, त्याहून कमी खड्ड्यांच्या शहरात नकोत. तारा तीन-क्रॉसच ओवायच्या, म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते, कारण हे चाक पुढेही ओढलं जातं आणि मागेही. उंच कडांचं हब की बुटक्या, यात मला टिकाऊपणाचा फरक जाणवलेला नाही. उंच कडांचं दिसतं मात्र फार सुरेख.

एक्सल भरीव पोलादी आणि नट १५ नंबरच्या पान्याचे, वायसर नटालाच जोडलेले असतील तर उत्तम. पंक्चर झालं तर कुठल्याही कोपऱ्यावर हे नट उघडतात. नट ढिला पडून चाक पुढे सरकलं की चेन लोंबते, आणि फिक्स्ड सायकलवर चेन उतरणं म्हणजे चाक जागीच जाम होऊ शकणं. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर सेंटिमीटरभर हलावी. त्याहून जास्त नको, आणि अगदी ताठही नको, कारण ताठ चेन बेअरिंगं खाते.

मोठी नावं घ्यायची तर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं फिल वुड घ्यावं लागेल. १९७१ पासून ते सीलबंद बेअरिंगची हबं करत आले आहेत. व्हाइट इंडस्ट्रीजचं ईनो हबही मला आवडतं. त्यात एक्सल केंद्रापासून बाजूला असतो, त्यामुळे उभ्या खाचांच्या फ्रेमवरही चेन ताणता येते. ज्यांच्याकडे गिअरची जुनी फ्रेम आहे त्यांच्यासाठी ते वरदान आहे. दोन्ही महाग आहेत, आयातीत आणखी महाग होतात. माझ्या चाकात साधं तैवानी हब आहे, ६००१ चं, ३६ भोकांचं, चांदीच्या रंगाचं. त्याचे आटे खोल आहेत, बेअरिंग नाना पेठेत मिळतं. लॉकरिंग मात्र मी वेगळं, चांगल्यातलं पोलादी घेतलं. तिथे पैसे वाचवू नयेत.

हे हब दोन्ही बाजूंनी वापरता येतं. एकीकडे फिक्स्ड स्प्रॉकेट, दुसरीकडे फ्रीव्हीलचे आटे. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नव्हती, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक काढायचं, उलटवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या स्प्रॉकेटवर चेन टाकून घाट चढायचा, हीच गिअर बदलायची रीत होती. मी दुसऱ्या बाजूला १८ दातांचं फ्रीव्हील लावलंय. गुडघा कुरकुरायला लागला की आठवडाभर चाक उलटवते. फ्रीव्हीलवर पाय मागे रेटून काही होत नाही, म्हणजे मागचा ब्रेक गेलेला असतो, म्हणून फ्रेमला मागे रिम ब्रेक बसवून ठेवलेला आहे. महिनोन्‌महिने वापरात नसल्याने त्याची रबरं कडक होतात आणि केबल आतून गंजते. चाक उलटवायच्या आदल्या संध्याकाळी रबरं नखाने दाबून बघायची, केबलमध्ये तेल सोडायचं, आणि सोसायटीच्या आवारात दोनदा जोरात ब्रेक लावून बघायचा.